खोळंब्यातून वसलेले गाव

मित्रांनो, मी एक जुना तराफा आहे. काठावरच्या चिखलात अर्धा रुतलो आहे आणि फार दमलो आहे, तेव्हा बोलता बोलता थांबलो तर रागावू नका.

पातागोनियाच्या या खोऱ्यात एलिसेओने मला सायप्रसच्या ओंडक्यांतून घडवले. तराफ्याला नदी रुंद आणि संथ लागते, म्हणून त्याने ही जागा निवडली. काठापासून काठापर्यंत तार बांधली आणि ती ओढत तो मला नेऊ-आणू लागला. मेंढ्या, लोकरीच्या गासड्या, नवऱ्या मुली, शवपेट्या, सगळे माझ्यावरून गेले. पूर आला की माणसे आठ-आठ दिवस इथेच खोळंबत. त्यांच्यासाठी कोणी पावाची भट्टी लावली, कोणी दुकान थाटले, मग शाळा आली. आमचे गाव असे खोळंब्यातून वसले. "तराफा आहे म्हणून गाव आहे," असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढे पूल झाला. पण पुलाला नदी अरुंद लागते. तो बांधला नदीच्या वरच्या अंगाला, वीस कोसांवर, खडकांच्या खिंडीत. मग इथे खोळंबणार कोण? लोकांनी लाकडी घरांखाली ओंडके घातले, बैल जुंपले आणि अख्खी घरेच तिकडे ओढून नेली.

एलिसेओ तेवढा राहिला. पलीकडे म्हातारा रोसामेल चाळीस मेंढ्या घेऊन एकटाच राहत होता आणि उभ्या कड्यांमुळे त्याला पुलाकडे जायला वाटच नव्हती.

"चल की रे आता माझ्याबरोबर," पीठ पोहोचवताना एलिसेओ म्हणे.

"आणि मेंढ्यांना काय तुझी दाढी चारू?" रोसामेल म्हणे.

माझ्या फळ्या कुजत चालल्या होत्या. एलिसेओ पुलाकडच्या लोकांकडे खिळे मागायला गेला, तर ते हसले. "एका म्हाताऱ्यासाठी? कशाला खिळे वाया घालवतोस!"

शरदात रोसामेल तापाने फणफणला. एलिसेओ त्याला घेऊन निघाला आणि भर नदीत माझ्या दोन फळ्या मोडल्या.

"बुडवतोस की काय मेल्या?"

"गप बस आणि तार धर!"

कसेबसे अलीकडच्या काठाला लागलो, पण माझे ओंडके सुटले ते सुटलेच. मेंढ्या पलीकडे राहिल्या.

रोसामेल वाचला. आता तो रोज माझ्यावर येऊन बसतो आणि पलीकडच्या मेंढ्या मोजतो. बर्फ पडायला लागल्यापासून आकडा उतरतो आहे. काल एकोणतीस भरल्या. मग माझ्या फळीवर हात ठेवून तो हळूच म्हणाला, "एकदाच ने रे मला."

मला ऐकू येते, मित्रांनो, पण हलता येत नाही. याचे फार वाईट वाटते.

तुम्ही पूल जरूर बांधा. पण जुनी वाट मोडू देण्याआधी तिच्या दुसऱ्या टोकाला कोण राहते, ते पाहून या. एकच माणूस असला, तरी त्याच्यासाठी चार खिळे ठोका.