सायलीच्या पसंतीचा कॅमेरा

सुंदररावांच्या घरात वस्तू आणायची तर ती आधी मोठी असावी लागे. मोठी गाडी, मोठा टीव्ही, चौकात मोठा बॅनर. अशा घरात सुनेला, सायलीला, सगळं इवलंसं करायची हौस असावी, हा देवाचा चावटपणाच म्हणायचा. काडेपेटीतल्या काड्या, पुठ्ठा, तार आणि डिंक एवढ्यावर तिने केजचा आठवडी बाजार उभा केला होता. भाजीवाल्या, भज्यांची गाडी, मागे लटकलेल्या माणसांसकट जीप. सगळा बाजार एका पाटावर मावायचा.

पुण्यात संग्रहालयांसाठी अशा प्रतिकृती करणारी एक कार्यशाळा होती. तिने चौकशी केली, तर त्यांनी कळवलं, कामाचे जवळून काढलेले स्पष्ट फोटो पाठवा. आवडले तर वर्षभर इथे येऊन काम करा, राहायची सोय आमची. घोडं इथेच अडलं. मोबाइलवर जीपचं चाक स्पष्ट आलं की ड्रायव्हरचं तोंड पुसट यायचं. सायलीने वाचून, बघून, चार ठिकाणी विचारून ठरवलं होतं, लेन्स बदलता येणारा लहान कॅमेरा हवा आणि अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स. मोठा कॅमेरा तिच्या बाजारात शिरलाच नसता. बाजारातल्या दोन कापडी पालांमधल्या बोळातून, त्या चिमुकल्या माणसांच्या उंचीवरून बघायचं तर तो अंगाने लहानच हवा होता. हे तिने सासऱ्यांना सांगून पाहिलं. "बाहुल्यांचे फोटू काढायला कॅमेरा?" म्हणून ते हसले आणि विषय मिटला.

आणि त्या सकाळी तेच सुंदरराव बूट चढवता चढवता म्हणाले, "सूनबाई, आवर. बीडला जाऊ. तुजा कॅमेरा घिऊन टाकू."

सुंदरराव कारणावाचून उदार होत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण हवी ती गोष्ट समोर आली की शहाण्या माणसालाही चार प्रश्न विचारायचं सुचत नाही. सायलीने जीप कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली आणि ती गाडीत जाऊन बसली. सासूबाई, छबुबाई, दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

बीडला शिवशंकरचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं, मागे फोटो स्टुडिओ. सुंदररावांनी आत शिरताच कपाटातला सगळ्यात थोराड कॅमेरा दाखवला. "ह्यो दे. लग्नात आसतो तसा."

"नको मामा," सायली भीत भीत म्हणाली. "तो लहान बघू द्या."

"बरं. तुला पायजे तोच घे."

लग्न झाल्यापासून हे वाक्य तिने या घरात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिने डबा उघडून जीप काउंटरवर ठेवली. शिवशंकरने लहान कॅमेऱ्याला आधी साधी लेन्स लावली. जीप लांबूनच दिसे. मग मॅक्रो लावली आणि कॅमेरा स्टँडवर बसवला. "ताई, लई जवळ गेलं की एकच कडा साफ येती. जरा मागं सरका, लेन्सचं तोंड बारीक करा, अन् हात लावू नका."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर ड्रायव्हरच्या सदऱ्याची गुंडी आली. मागे लटकलेल्या माणसाची बोटं आली. टपावर वाळलेला डिंकाचा ओघळही आला, आणि तो बघूनसुद्धा सायली सुखावली. "हाच," ती म्हणाली.

"झालं तुजं?" सुंदरराव म्हणाले. "आता मागं स्टुडिओतल्या पडद्याम्होरं उभी राहा. डोक्यावर पदर घे."

"कशाला मामा?"

"काल सोडत झाली. सरपंचाची जागा बायांना सुटली. आपल्या घरातून तू."

सायली म्हणाली, "पण मला पुण्याला..."

"फोटू पाठीव की. कोन न्हाई म्हनतंय? जायाचं तेवडं जमायचं न्हाई. सईला मानूस गावात पायजे."

"यांना माहिती आहे का?" तिने नवऱ्याचं विचारलं.

"विजयसिंहाला? त्यानंच तर तुजं नाव काढलं."

मागे एकदा छबुबाई सरपंच होत्या. ग्रामपंचायतीची खुर्ची कशी असते ते त्यांनी कधी पाहिलं नाही. कागद चुलीपाशी यायचे, त्या पिठाचा हात पुसून सही करायच्या. पाच वर्षांत माहेरी धड पंचमीला राहता आलं नाही. कधी कागद येईल, नेम नसे. सकाळी त्या दारात गप्प का उभ्या होत्या, ते सायलीला आता कळलं, आणि तिला त्यांचाही राग आला.

सुंदररावांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ते मायेने बोलत होते. तिला हवा तोच कॅमेरा घेऊन दिला होता. आता नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? ती पडद्यापुढे जाऊन उभी राहिली, पदर घेतला, हात जोडले.

शिवशंकरने तोच कॅमेरा उचलला, तीच लेन्स. "जवळून घे," सुंदरराव म्हणाले. "बॅनरवर चेहरा भरून आला पायजे."

फोटो निघाला. दोघांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर माना वाकवल्या. कपाळावर सुटलेली एकेक बट, कुंकवाचा कण न् कण, सगळं आलं होतं.

"लई साफ येतंय," सुंदरराव खूश होऊन म्हणाले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "डोळ्यात पानी दिसतंय का रं? हे काढता येतं का?"

"येतं की मालक," शिवशंकर म्हणाला. "दोन मिंटाचं काम."