दाराची जागा

बाबा गेल्यावर मी घरातलं काही मागितलं नाही, फक्त तीन मधपेट्या मागितल्या. शिवणकामानं डोळे अधू झाले होते, आता मधावर पोट भरायचं ठरवलं होतं. दादानं आढेवेढे न घेता हो म्हटलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. हा माणूस लहानपणी खोडरबर द्यायचा तोही अर्धा तोडून. पण मी भाबडी, वहिनीजवळ त्याचं कौतुक करत बसले.

भर दुपारी ये, असं त्यानंच सांगितलं होतं. उन्हात माश्या शांत असतात म्हणे. त्यानं स्वतः पेट्यांच्या दारांना जाळी लावली आणि त्या टेम्पोत चढवून दिल्या.

घरी येऊन जाळ्या काढल्या, तर बाहेर आल्या त्या मूठभर, त्याही कोवळ्या, धड उडता न येणाऱ्या. आत पिल्लं भरपूर, पण त्यांना ऊब द्यायला पुरेशा माश्या नाहीत. मी आल्या पावली दादाकडे गेले.

मागच्या अंगणात माझ्या पेट्यांच्या जागी त्याच्या मरगळलेल्या पेट्या होत्या. स्टँड तेच, दारंही तशीच पूर्वेकडे. रानातून परतणाऱ्या माझ्या माश्या सरळ त्यांत शिरत होत्या. दारावरच्या राखणदार माश्या नुसतं हुंगून त्यांना आत सोडत होत्या. भरल्या हातानं आलेल्याला कोण अडवतं?

"दुपारी उडत्या माश्या सगळ्या रानात असतात. तुला माहीत होतं," मी म्हणाले.

दादा शांतपणे हातमोजे काढत होता. "माशी पेटी ओळखत नाही, दाराची जागा ओळखते. पेटी हलवायची ती अंधार पडल्यावर. बाबांनी मला लहानपणीच शिकवलंय हे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला त्यांनी शिकवलं नाही, त्यात माझा काय दोष?"

त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. पण हात उचलला नाही, कारण तो बोलला ते खरं होतं. मी पेट्यांजवळ गेले की बाबा म्हणायचे, तू आत जा, मध गाळ. लग्न होईपर्यंत मी गाळत राहिले. चोरी दादानं केली, पण तिची सोय बाबांनी करून ठेवली होती. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

वहिनी चहाला थांब म्हणाली. मी थांबले नाही.

घरी येऊन पेट्यांवर माझं पांघरूण टाकलं. त्याचा काही उपयोग नाही, हे मात्र कोणी न शिकवताही कळत होतं.