पथिक लॉजच्या गच्चीवर

“मुकादमाच्या कानावर बाईचं दुखणं घालायचं न्हाई, सांगून ठिवते,” जिन्यात सतरंज्या सुनेच्या हाती देत केसरबाई म्हणाल्या. “आज त्यो धोंडीराम बी वर बसणार हाय. सिंधूनं तुला जे काय सांगितलं ते तुज्यापाशीच ठिव.”

“पण का, आई? दुखतंय तर दुखतंय. त्यात लपवायचं काय?”

“तू कधी उसाच्या फडात गेली न्हाईस. तुला न्हाई कळायचं.”

संघमित्राने काखेतली पोर सावरली, सतरंज्या छातीशी धरल्या आणि ती वर गेली. सासूचं बोलणं तिने तिथंच जिन्यात सोडून दिलं. बीडच्या कॉलेजात तिने समाजशास्त्र घेतलं होतं. बायकाच बायकांची दुखणी लाजेपोटी कशी दाबून ठेवतात, यावर तिने भर वर्गात निबंध वाचला होता. सासूचं सांगणं तिला त्यातलंच वाटलं.

वडवणीच्या स्टँडामागचं पथिक लॉज तिच्या सासऱ्यांनी एसटीतून रिटायर झाल्यावर बांधलं आणि वर्षभरात ते गेले. नवरा बापाच्याच जागी कंडक्टर, त्यामुळे लॉज सासू-सुनेवर. उतरायला कोण, तर औषध कंपन्यांची बॅगवाली पोरं, बोअर मारणारी तामिळ माणसं, आठवडी बाजाराचे व्यापारी, आणि उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या सहकारी साखर कारखान्यांचे लोक. उन्हाळ्यात खोल्या भट्टीसारख्या तापत आणि वीज नेमकी तेव्हाच जाई. मग दिवस कलला की सगळं लॉज गच्चीवर येऊन बसायचं.

सिंधुबाई आणि तिचा नवरा शहादेव हे तोडणी कामगार. एका उन्हाळ्यात बाजारच्या दिवशी गावाकडची जीप चुकली म्हणून दोघं लॉजच्या ओट्यावर टेकली होती. शहादेवच्या पाठीला ढोलकी. केसरबाईंनी पाणी दिलं, वर बसवलं, आणि सिंधुबाईने त्या पाण्याला जागून एक गाणं म्हटलं. तेव्हापासून रीतच पडली. हंगाम संपवून दोघं गावी परतली की पाऊस लागेपर्यंत दर बाजारच्या दिवशी गच्चीवर गाणं. तिकीट नाही, माईक नाही. लॉजमधले प्रवासी, शेजारच्या दोन-चार बाया, मध्ये एक कंदील. बिदागी पाण्याची. जाताना शहादेव लॉजच्या बोअरचं पाणी कॅनमध्ये भरून जीपच्या टपावर चढवायचा. त्यांच्या गावची विहीर केव्हाच आटली होती आणि टँकर आला तर आला.

त्या संध्याकाळी गच्चीवर दोनच खुर्च्या होत्या. एकीवर एका कारखान्याच्या शेतकी खात्याचे मोहनराव, टोळ्यांचे करार करायला आलेले. दुसरीवर मुकादम धोंडीराम. बाकी सगळे सतरंजीवर.

सिंधुबाई मांडी घालून बसली नाही. एक पाय दुमडून, एक गुडघा उभा धरून बसली. तिने पदर कानामागे घेतला आणि आधी नुसता सूर लावला. तो सूर तापलेल्या गच्चीवरून लांब गेला आणि स्टँडवर कुणी तरी मान वर करून पाहिलं.

उसाच्या गं फडामंदी पाचटाची केली गादी
लेकराला निजविते, कोयता सारते आधी

मराठीचा शब्द न कळणारा बोअरच्या गाडीचा ड्रायव्हर मान हलवत होता. संघमित्राच्या मांडीवर तिची आठ महिन्यांची पोर झोपली होती. तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे का ते पाहायची संघमित्राला सवय होती. गाणं चालू असतानाही तिने पाहिलं. मग सिंधुबाईकडे पाहिलं. ओळ संपली की सिंधुबाईचा हात ओटीपोटाशी जात होता. दुपारी स्वयंपाकघरात तिने सांगितलं होतं, “ताई, अंगावरून लई जातंय. धाकट्याच्या बाळंतपणातून उठले ती तशीच मोळी उचलाय गेलते. तवापासून खाली कायतरी वढल्यावाणी होतंय.” आणि वर हसली होती.

“आवाजात काय दम आहे,” मोहनराव म्हणाले.

“दम हाय म्हणून तर दर साली ह्यो कोयता आपल्या टोळीत असतोय, साहेब,” धोंडीराम म्हणाला.

फडाच्या बोलीत नवरा-बायको मिळून एक कोयता. त्याने तोडायचं, तिने मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी टोळीत घेत नाही.

“यंदा बी तुमालाच धरायचं का रं शहादेव?”

“धरा की मुकादम. आमी कुठं न्हाई म्हणतोय?”

सिंधुबाईने पुढच्या गाण्यासाठी श्वास घेतला, आणि तो अर्ध्यातच अडकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. संघमित्राच्या आलं.

“साहेब,” ती मोहनरावांकडे वळून म्हणाली, “यांना यंदा विश्रांती पाहिजे. पोटात दुखतं यांच्या. अंगावरून जातं. या बायांच्या औषधपाण्याचं तुमच्या कारखान्यानं काही तरी बघायला हवं ना?”

ढोलकीवर शहादेवचे हात जागच्या जागी थांबले. सिंधुबाई सतरंजीकडे पाहू लागली. संघमित्राला वाटलं होतं, मुकादम चिडेल, उलटून बोलेल. तिने मनात उत्तरही जुळवून ठेवलं होतं. धोंडीराम चिडला नाही. त्याचा आवाज उलट मऊ झाला.

“आरं मग आधी नीट सांगायचं न्हाई का, येड्या? पिशवी काढून टाक की तिची. आपल्या टोळीतल्या निम्म्या बायांच्या काढल्यात. मोकळ्या झाल्या. महिन्याची कटकट न्हाई, कामाचा खाडा न्हाई. डॉक्टर वळखीचा हाय. उचलीत धरू ते बी, हंगामात फिटंल.”

“अहो, पण आधी तपासायला नको?” संघमित्रा म्हणाली. “सरकारी दवाखान्यात दाखवू. पिशवी अशी कुणी काढतं का? वय काय त्यांचं?”

“तपासतोच की त्यो डॉक्टर. न तपासता कसं काढंल, बाई?”

मोहनराव वाईट माणूस नव्हते. मघाशीच त्यांनी पोरीचं नाव विचारलं होतं आणि तिला खिशातलं बिस्कीट दिलं होतं. ते म्हणाले, “दसऱ्याला अवकाश आहे अजून. तोवर भरून येईल जखम.”

मग ते म्हणाले, “हं, होऊ द्या पुढचं.” आणि सिंधुबाई गायली.

उतरताना जिन्यात संघमित्राने तिला गाठलं. “सिंधुबाई, तुम्ही नाही म्हणा. तुमच्या अंगाला कोण हात लावतो ते बघू.”

“ताई, तुमी चांगल्यापायीच बोलल्या.” सिंधुबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. “पर आता त्येच्या मनात बसलं. दुखणारी बाई म्हणलं की त्येला खाडंच दिसत्यात. आता पिशवी काढल्याबिगर त्यो आमचा कोयता धरायचा न्हाई.”

“नका जाऊ मग फडात. इथंच राहा. खोल्या झाडायला, चादरी धुवायला आम्हाला माणूस लागतंच.”

“आन् ह्यांनी काय करावं? अर्ध्या कोयत्यानं कुठं जावं?” ती थांबली, दम घेतला आणि हसली. “तुमी आमाला जोडीनं ठिवून घ्या, मग येते. ढोलकीनं चादरी बडवतील ते.”

इकडे जवळपास काम नव्हतंच. तालुक्याच्या बाजूचा सहकारी कारखाना उसाअभावी बंद पडलेला, धरणात चिखल, रानात ढेकळं. शहादेव खाली कॅन भरत होता. त्याने संघमित्राकडे पाहिलं नाही. नेहमी ‘येतो ताई, जय भीम’ म्हणायचा, त्या दिवशी नुसती मान हलवून गेला.

केसरबाईंनी सुनेच्या हातून पोर घेतली आणि त्या आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं संघमित्राला नंतर कितीदा तरी वाटलं.

ऑपरेशन पंधरवड्यात झालं. संघमित्रा पोरीला सासूपाशी ठेवून दवाखान्यात गेली. एका लांबट खोलीत ओळीने बाया निजल्या होत्या. सगळ्या टोळ्यांतल्या, सगळ्यांच्या उशाशी सारखीच कापडी पिशवी, सारखाच पाण्याचा तांब्या. एकीचा नवरा खाली बसून तिच्या पायांच्या भेगांना तेल लावत होता. सिंधुबाईचा चेहरा पिवळा पडला होता. “आला का बाळीला दात?” तिने आधी हेच विचारलं.

डॉक्टर मोबाईलवरून नजर न उचलता म्हणाले, “पुढे कॅन्सर झाला असता. सुटल्या त्या.”

“रिपोर्ट बघू का?”

“तुम्ही कोण त्यांच्या?”

बहीण नाही, भावजय नाही. लॉजवाली, असं म्हणावं तर ते काय नातं झालं? संघमित्रा रिपोर्ट न बघताच निघाली.

मृग कोरडा गेला. ढग यायचे, सावली धरायचे आणि वाऱ्याबरोबर पांगायचे. लॉजच्या बोअरला आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. केसरबाईंनी वरच्या खोल्यांना कुलपं घातली. उरल्यासुरल्या प्रवाशांना त्या सांगत, “आंघूळ मिळायची न्हाई बरं का.” तरीही माणसं राहत, कारण जायचं तरी कुठं, सगळीकडे तीच गत.

अशातच एका बाजारच्या दिवशी सिंधुबाई आली. जीपमधून उतरायला शहादेवने तिला हात दिला. “डॉक्टर म्हणला पडून ऱ्हा. पडून पडून पाठ मोडली,” ती म्हणाली. “गाते जरा. तेवढंच बरं वाटंल.”

गच्चीवर त्या दिवशी मोजकीच माणसं होती. औषध कंपनीचा एक मुलगा, दोन बांगडीवाले, शेजारची पारूबाई. मोहनराव आणि धोंडीराम करार उरकून गेले होते. खुर्च्या भिंतीला उलट्या लावलेल्या.

सिंधुबाईने सूर लावला. गळा तोच होता. पण गाणं गळ्यातून निघत नाही, खालून उचलावं लागतं, हे संघमित्राला त्या दिवशी दिसलं. ओळ शेवटाकडे जायची आणि सिंधुबाईचा श्वास दोन शब्द आधीच संपायचा. जिथं तो संपायचा, तिथं शहादेवची ढोलकी पुढे सरकायची. तो दर ओळीच्या शेवटी तिची उरलेली जागा बोटांनी भरून काढत होता. एकदाही बायकोकडे न पाहता. कुठं दम लागेल ते त्याला आधीच कळत होतं.

“आज ढोलकी काय बोलतेय,” औषधवाला मुलगा मोबाईल समोर धरून म्हणाला.

पारूबाईने डोळ्याला पदर लावला.

गाणं संपलं. दोघं खाली आली तेव्हा केसरबाई माजघरात उभ्या होत्या. देण्यासारखं पाणी नव्हतं. घरात एक भरलेला माठ होता आणि पोरीसाठी उकळून गार करत ठेवलेलं पातेलं. केसरबाईंनी माठ उचलून शहादेवच्या कॅनवर वाकवला.

“ऱ्हाऊ द्या, आक्का,” सिंधुबाईने माठाला हात लावून तो सरळ केला. “लेकरू हाय घरात.”

“आगं, घे. उद्या टँकर येतोय.”

“उद्याचा उद्या.”

संघमित्रा दारात होती. तिच्या डोक्यात रात्रभराचं पाणी, पोरीचं दूध, पोरीला लागलेले ढाळ, हे सगळं चालू होतं. ‘घ्या ना, सिंधुबाई,’ असं ती एकदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. रिकामे कॅन एकमेकांवर आपटत जीपकडे गेले.

तो शेवटचा कार्यक्रम. पुढच्या आठवड्यात लॉजच बंद केलं.

दसऱ्यानंतर टोळी निघाली. ट्रक वडवणीच्या चौकात थांबला तेव्हा संघमित्रा पोरीला घेऊन धावत गेली. भांडी, ज्वारीची पोती, शेळ्या, पोरं, आणि त्या सगळ्याच्या वर सिंधुबाई, साडीवर शहादेवचा जुना शर्ट घातलेली. खाली वाकणं तिला जमलं नाही. तिने वरूनच पोरीसाठी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. काही तरी म्हणालीही, पण इंजिन चालू होतं.

सुरुवातीला फोन लागायचा. शहादेव म्हणायचा, “बरं हाय, ताई. तिला हितं रेंजमदी बोलावतो,” आणि ती काही यायची नाही. मग फोन लागेनासाच झाला. संक्रांतीच्या सुमारास टोळीतली बायडाबाई आजारी सासऱ्यासाठी मध्येच गावी आली. ती म्हणाली, सिंधू फडात लई बसते. तोंडावर सूज हाय. तिच्या वाट्याच्या मोळ्या बी शादेवच वाहतो, मुकादम बघत नसला की. गाणं? न्हाई बाई, गाणं कुठलं. आता टोळी दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत गेली, नदीच्या पल्याड. कुठं ते बायडाबाईला सांगता येईना.

लॉज आता पुन्हा उघडलंय, टँकरच्या पाण्यावर. त्या बाजूला जाणारं कुणी उतरलं की संघमित्रा चहा घेऊन त्याच्या खोलीशी जाते आणि नवरा ओशाळला तरी सांगायचं ते सांगते. तेच ती तुम्हालाही सांगतेय, कारण हे वाचणारं कुणी ना कुणी तिकडचं असेलच. तुमच्या गावात उसाच्या गाड्या जात असतील, ओढ्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या, त्या झोपड्या, उभ्या राहिल्या असतील, तर एकदा तिकडे जा. सकाळी नको, सकाळी सगळे फडात असतात. संध्याकाळी चुली पेटल्यावर जा. बीडकडची टोळी कुठली ते विचारा, शहादेव-सिंधुबाईचा कोयता विचारा. सावळी आहे, उंच आहे, बोलताना आधी हसते. कशी आहेस म्हणाल तर बरं हाय म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. ती बसलेली असेल तर तिला उठवू नका. तुम्हीच तिच्याजवळ खाली बसा, आणि जरा वेळ बसा.