भावसिंगला जनावरं आठवेनात

आर्णी-यवतमाळ रस्त्यावर भावसिंगची काळीपिवळी कित्येक वर्षं धावत होती. त्या सकाळी मात्र आर्णीतून निघाल्यावर त्यानं भरली गाडी दिग्रसच्या रस्त्याला लावली. प्रवाशांनी गलका केला तेव्हा कुठे वळवली.

"झोप नाई झाली," तो पुटपुटला.

शेजारी बसलेल्या बायकोला, बबिताला ते पटलं नाही. झोप होत होती, पण दिवसा. रात्री तो अंगणात येरझारा घालायचा.

जुन्या काविळीनं त्याचं लिव्हर आक्रसलं होतं. दारूला कधी शिवला नव्हता, तरी तांड्यात लोक नको ते बोलत. पोटात पाणी होईल, रक्ताची उलटी होईल, या दोन गोष्टींची धास्ती बबिता रोज उशाशी घेऊन झोपायची. पण हे काहीतरी तिसरंच होतं.

त्या दिवशी ते तपासणीलाच निघाले होते. यवतमाळला प्रवासी उतरवून दोघं दवाखान्यात गेले. निकिता मॅडम नेहमीच्या डॉक्टर. भावसिंग डोळे वटारत असतानाही बबितानं रस्ता चुकल्याचं सांगून टाकलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, सुई नाही, नळी नाही. एक मिनिट जनावरांची नावं सांगा. आठवतील तेवढी."

भावसिंग हसला. "हे तं लेकराचं काम हाय! गाय. बैल. बकरी. कुत्रा..." तो थांबला. "गाय."

"ती झाली."

"घोडा... बैल..."

कपाळावर घाम आला. बबिता मनातल्या मनात ओरडत होती, म्हैस म्हणा ना, म्हैस! दारात बांधलेली म्हैस याच माणसानं पहाटे धुतली होती. तो खिडकीकडे पाहत राहिला. मिनिट संपलं.

"लिव्हरनं गाळायचा कचरा रक्तातून मेंदूत जातो," मॅडम म्हणाल्या. "माणूस धड दिसतो, धड बोलतो, पण डोकं आतून मंदावतं. रस्ता चुकणं, झोप उलटी होणं, सगळं त्यातलंच दिसतंय. पोट रोज दोन-तीनदा साफ व्हावं म्हणून गोड औषध देते. आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही."

"म्हंजे मी येडा झालो?"

"नाही, काका. बहुतेकदा औषधानं उतरतं हे."

तो ताडकन उठला. बबिता औषध घेऊन आवारात पोचली तोवर तो गाडीत बसला होता. ती गाडीपुढे उभी राहिली. पाठीमागे दवाखान्याची भिंत.

"चाबी द्या."

"सरक, बबिता. मी मागं घेऊन राह्यलो गाडी."

"नाई सरकत."

त्यानं गाडी सुरू केली आणि मागे जायच्या ऐवजी गाडी पुढे आली. बंपर बबिताच्या मांड्यांना टेकला, पाठ भिंतीला लागली.

"आवो, ब्रेक! ब्रेक मारा!"

काचेआडून तो तिच्याकडे पाहत होता. राग नव्हता त्या नजरेत. काय करायचं तेच त्याला सापडत नव्हतं. तिला वाटलं, हा माणूस आपल्याला ओळखत नाही, आणि त्या क्षणी गाडीपेक्षा त्या नजरेचीच तिला जास्त भीती वाटली. मग गचका बसून इंजिन बंद पडलं.

भावसिंगनं गिअर काढला आणि खाली उतरून गाडी हातानंच मागे ढकलली. "मागचा गिअर टाकलता मी," तो म्हणत राहिला. "मले मागचाच वाटला, बबिता." त्यानं चाबी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिथेच भुईवर बसून रडला.

बबितानं फोन केल्यावर भावसिंगचा चुलतभाऊ फुलसिंग एसटीनं आला आणि त्यानं दोघांना घरी नेलं.

औषधानं भावसिंग वैतागला, दिवसातून अनेकदा शौचाला पळायचा. पण हळूहळू झोप रात्रीवर आली. पुढच्या तपासणीत त्यानं वाघ, रोही, रानडुक्कर, ससा अशी भराभर नावं घेतली. मॅडम समाधानानं हसल्या, पण गाडीला परवानगी मिळाली नाही. आता फुलसिंग गाडी चालवतो आणि भावसिंग स्टँडावर "यवतमाळ, यवतमाळ" ओरडत सीटा भरतो.

बबिताची भीती मात्र गेली नाही. परवा जेवताना तो बोलता बोलता एका शब्दाला अडला, तशी तव्यावरची भाकर तिच्याकडून करपली.

"काहून पाहून राह्यली अशी?" त्यानं विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली, "बोला तुमी," आणि तो शब्द त्याच्या तोंडून येईपर्यंत तिनं श्वास घेतला नाही.