गुपिताची जागा

जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात सुचित्रा दोन वर्षं नुसतीच बसत होती. नवरा प्रसन्न धातुशास्त्राचा संशोधक, ही त्याची बायको. मोरिता सेन्सेईंच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या, वर्गात तिला ऐकायची मुभा होती, बोलायची नाही. १९९६च्या मार्चात मात्र सेन्सेईंनी तिला निबंध वाचायला सांगितलं. जमला तर विद्यार्थिनी म्हणून प्रवेश, नाहीतर नमस्कार.

विषय सेन्सेईंच्याच जिव्हाळ्याचा होता: प्राचीन ज्यू उपदेशाच्या, चामड्यावर लिहिलेल्या एका गुंडाळीचे चार तुकडे. तीन तुकड्यांत आईबापांचा मान, लग्न, गरिबी असा घरगुती उपदेश. चौथ्यात, येऊ घातलेल्या रहस्याचा रात्रंदिवस अभ्यास कर, अशी आज्ञा. सेन्सेईंनी हा चौथा तुकडा शेवटी लावला होता. शिष्य आधी तावूनसुलाखून निघायचा, मगच त्याला गुपित मिळायचं, हे त्यांचं मत. त्यावर ब्र काढायची सहा वर्षं कोणाची टाप नव्हती.

सुचित्रा दुपारी कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, अर्धवेळ काम करायची. तिथल्या झेरॉक्स मशीनवर तुकड्यांच्या फोटोंच्या प्रती काढताना तिला दिसलं, की फोटोंतल्या मोजपट्ट्या सारख्या नाहीत. प्रत्येक फोटो वेगळ्या मापाने मोठा केलेला. तिने सगळे एका मापावर आणले आणि ती चाटच पडली. चारही तुकड्यांना एकाच आकाराचं भोक होतं, फक्त लहान लहान होत गेलेलं. घडीच्या साडीला उंदीर लागला की घडीघडीला तेच भोक, हे कुठल्या बाईला सांगायला हवं? ही गुंडाळी बाहेरून कुजत आत गेली होती, आणि वाचायची सुरुवात बाहेरच्या टोकाला होती. सगळ्यांत मोठं भोक होतं गुपिताच्या तुकड्याला, म्हणजे तोच पहिला.

वर्गात तिने चारही प्रती टेबलावर मांडल्या.

"गुपित हे शेवटचं बक्षीस नाही, सेन्सेई. ते आधीच हातात दिलंय. त्याचा विचार करत करतच गरिबाने आपलं घर चालवायचं."

सेन्सेईंनी पट्टी मागवली, प्रत्येक भोक दोनदा मोजलं. मग ते उठले आणि फळ्यावरचा आपला क्रम त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला.

"सहा वर्षं मी मोजलंच नव्हतं," ते म्हणाले. "तुमच्या प्रवेशाच्या फॉर्मवर सही करतो. आधी हा क्रम नीट लिहा."

सुचित्राने फळ्यापाशी जाऊन खडू घेतला; तिला इतका आनंद झाला होता की तो हातातच मोडला. उरलेल्या तुकड्याने तिने गुपित सगळ्यांत वर लिहिलं.