डावीकडची गुणगुण

हो हो, मीच बोलतोय! पिकअपच्या पुढच्या डाव्या चाकातला हब. चाक माझ्याच जिवावर फिरतं, पण मी पडलो आत, त्यामुळं कौतुक सगळं टायरचं.

उजवीकडचा माझा भाऊ आणि मी कारखान्यातून जोडीनंच या गाडीला लागलो. मालक कुंभारीचे चनबसप्पा. गाडी ते चालवायचे, डावीकडं बसायच्या त्यांच्या काशम्मा. सोलापूरला कांदा न्यायचा, येताना पेंड आणायची. ओझी वाहून वाहून माझं बेअरिंग झिजलं आणि मी गुणगुणायला लागलो.

"अवो, माज्या पायाखाली कायतरी घुमतंय," काशम्मा म्हणाल्या.

"रस्ताच तसला हाय," म्हणत मालकांनी गाण्यांचा आवाज वाढवला. मग मीही वाढवला! मी काय ऐकतोय होय?

शेवटी मालक प्रभुलिंग मेस्त्रींच्या गॅरेजात गेले. मेस्त्री दोन्ही चाकं उचलून बघतो म्हणाले.

"बगायचं काय त्यात? उजवीकडंच वाजतंय. गाडी मी चालवतो की!"

झालं! माझा बिचारा भाऊ काहीही गुन्हा नसताना उतरला आणि त्याच्या जागी नवा कोरा हब बसला. मी चिडीचूप. उभ्या गाडीत मी गातच नाही. परतताना मात्र असा सूर लावला की काशम्मांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी करमाळ्याला लेकीचं, भुवनेश्वरीचं डोहाळजेवण. हिरवी साडी, शेंगापोळ्यांचे डबे, सगळं गाडीत चढलं. काशम्मा तेवढ्या चढेनात.

"चाक निखळलं म्हंजे? मला लेकीचं तोंड बगायचंय वो," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. तेव्हा माझी सगळी मस्ती उतरली. कारण करमाळ्यापर्यंत मी टिकणार नव्हतो, हे मला ठाऊक होतं.

काशम्मांनी मेस्त्रींनाच बोलावून घेतलं. "तुमी चालवा. आन् तुमी वो, माज्या जागेवर बसा."

मालक आपल्याच गाडीत पहिल्यांदा डावीकडं बसले. मी घसा मोकळा केला. गाडी उजवीकडं वळली, सगळा भार माझ्यावर आला आणि मी असा काही ओरडलो की मालकांनी दोन्ही पाय वर घेतले!

"काशे," खाली उतरून ते हळूच म्हणाले, "इतकं दिस ह्याच्यावर पाय ठिवून बसलीस? सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगत हुते की."

मेस्त्री हसू लपवत गाडीखाली शिरले. दुसरा नवा हब त्यांनी पिशवीतून आणलाच होता. डोहाळजेवणाला सगळे वेळेत पोहोचले.

आता आम्ही दोघं भाऊ मालकांच्या दाराला टेकू म्हणून बसलोय. तो अजून माझ्याशी बोलत नाही. येता-जाता मालकांचा अंगठा माझ्यावर ठेचतो. त्याबद्दल मला वाईट वाटतं, असं काही नाही.

तुमच्या गाडीत डावीकडं कुणी बसत असेल, तर बाबांनो, कधीतरी त्यांनाही विचारा. आमचे मालक विचारतात. गाडी थोडी पुढं जाऊन थांबते आणि मला दारातून ऐकू येतं, "काशे, काय वाजतंय का गं?"

वाजत काहीच नसतं. तरी काशम्मा म्हणतात, "थांबा, ऐकू द्या," आणि चांगल्या सावकाश ऐकत बसतात.