अकरा नंबरचा उंदीर

दारूबंदीच्या गुजरातेत राजरोस दारू मिळायची ती अपर्णा मॅडमच्या उंदरांना, तीही सरकारी परवान्यावर! सुरतच्या त्या कॉलेजात उंदरांचे पिंजरे धुवायला नवागामहून कलाबाई येई. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या. एकीत पाणी, लाल पट्टीच्या बाटलीत दारू. कोण कुठली किती प्यायलं ते मॅडम रोज सकाळी लिहून ठेवत.

कलाबाईचा नवरा दारूनंच गेला. बापाचा वारा लागू नये म्हणून तिनं मुलाला, योगराजला, दोन वर्षांचा असतानाच काळजावर दगड ठेवून धुळ्याकडे भावाकडे ठेवलं होतं. आता तो अठराचा होऊन इथं कापडाच्या कारखान्यात मागावर कामाला लागला होता.

आणि इकडे मॅडमनी पिणाऱ्या उंदरिणीची पिल्लं जन्मताच न पिणारीच्या कुशीत घातली. मोठी झाल्यावर ती लाल पट्टीकडेच वळली.

"मॅडम, पोऱ्या बापपासून दूर वाढना, तरी?"

"रक्तात उतरतं, कलाबाई. माणसांतही तसंच दिसतंय. पण प्रत्येक जण पितोच असं नाही."

"मंग एक तरी दखाडा."

दाखवायला एकही नव्हता. कलाबाईचा जीव अडकला होता त्या पिल्लांतल्या अकरा नंबरमध्ये, आणि तोच सगळ्यांत हावरट. एका सकाळी मॅडम यायच्या आत तिनं त्याची लाल बाटली पाण्यानं आदल्या दिवशीच्या खुणेपर्यंत भरली, दुसरीतलं पाणी तेवढंच ओतून दिलं. मग रोजच. उंदराला सुधारून पोरगा सुधारत नाही हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. हात थांबत नव्हता.

महिन्यानं मॅडम हरखून म्हणाल्या, "हा बघा! अकरा नंबर दारूला शिवत नाही. तुमचा योगराजही असाच निघेल."

कलाबाई हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. मॅडमना वाटलं, आनंदानं.

त्या संध्याकाळी योगराज बडीशेप चावत घरी आला. वास लपवायला त्याचा बाप अशीच मूठभर चावायचा. योगराजनं ते कळत्या वयात कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"कारखानामा पोरेस्नी पाजी, माय. एकच डाव."

तिनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तो त्यानं बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

सकाळी कलाबाईनं लाल बाटलीला हात लावला नाही. मॅडम आल्या, वाकून खूण पाहिली.

"अगंबाई, हाही?" एवढंच म्हणून त्यांनी आकडा लिहिला.